पूर्ववत

२२ जुलै २०२१ च्या रात्री मी घरी होतो आणि घरात गुडघाभर पाणी होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर हा माणूस रात्रभर पुलावर बॅटरी घेऊन उभा होता असा कोणाचा तरी समज व्हायचा. पहाटे तीनपर्यंत मी गॅसची शेगडी माळ्यावर चढवत होतो. मोबाईलला रेंज नव्हती. चिपळूण बुडालंय, वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग गेल्यामुळे महामार्ग बंद झालाय, महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झालाय, हे सगळं मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. एवढा पाऊस घाटमाथ्यावर पडला की खाली यायला तो वेळ लावत नाही.

मी तेव्हा कोकणातल्या एका तालुक्यात रस्ते-पुलांच्या सरकारी खात्यात शाखा अभियंता होतो. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्याकडे ६४ किलोमीटर रस्ता होता. त्यात एक राज्य महामार्ग, बाकीचे दोन प्रमुख जिल्हा मार्ग. आम्ही त्यांना ‘प्रजिमा’च म्हणतो. २३ तारखेला सकाळी दोन मैलकामगारांना घेऊन निघालो. मोटारसायकल पहिल्या चार किलोमीटरांतच सोडावी लागली. पुढचे दोन दिवस चालत मोजलं. ४१ ठिकाणं निघाली. कुठे दरड रस्त्यावर, कुठे मोरीवरचा भराव गायब, कुठे साईडपट्टी खाऊन पाणी थेट डांबराखाली घुसलेलं. आणि ४/२०० ला, म्हणजे ४ किलोमीटर २०० मीटरवर, पूल.

पूल म्हणायचं ते कागदावर. पाणी जायला तीन-तीन मीटरचे तीन गाळे, वर स्लॅब, खाली दगडी बांधकाम. खालून वाहतो तो पऱ्या, म्हणजे ओढा. उन्हाळ्यात त्यात म्हशीसुद्धा बसत नाहीत. पलीकडे तीन वाड्या आणि त्यांचा हा एकच रस्ता. पलीकडचा पोहोचमार्ग, म्हणजे रस्ता पुलाला भिडतो तो भराव, १२ मीटर लांबीत साफ वाहून गेला होता. अबटमेंटच्या, म्हणजे पुलाच्या काठाकडच्या टेकूभिंतीच्या, पायाखालची माती खरवडून गेली होती आणि ते पऱ्याच्या बाजूला कललं होतं. स्लॅबचं टोक हवेत. वाडीतल्या पोरांनी तोवर सुपारीची तीन खोडं आडवी टाकून माणसांपुरती वाट केलीही होती.

पुराने विहिरी गढूळ झाल्या होत्या, पलीकडे पिण्याच्या पाण्याचा टँकर न्यायचा होता. बाकी सगळं थांबलं असतं, हे थांबणार नव्हतं. मी माझ्या नेहमीच्या जेसीबीवाल्याला निरोप पाठवला. फोन लागत नव्हते, म्हणून एका पोराला चालत पाठवलं. तो आला. स्वतःच्या दुकानातला चिखल तसाच टाकून आला.

“साहेब, कागद?”

“होईल.”

एवढ्याच करारावर काम सुरू झालं. लोकांना हे बेकायदेशीर वाटतं, पण तसं ते नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये कलम ५० आहे. जिल्हा प्राधिकरणाची खात्री पटली की तातडीची खरेदी आणि कामं निविदेशिवाय करता येतात आणि अधिकृत अधिकाऱ्याने दिलेलं वापराचं प्रमाणपत्र हिशेबाला ग्राह्य धरतात. अडचण एवढीच की प्राधिकरणाची ती खात्री कागदावर उतरायला चार-पाच दिवस लागतात आणि टँकर आजच न्यायचा असतो. मधल्या दिवसांत जेसीबीवाला आणि शाखा अभियंता एकमेकांच्या तोंडाकडे बघून काम करतात. कागद मागच्या तारखेपासून लागू होईल अशी दोघांनाही आशा असते.

डबर टाकला, तारेच्या जाळीत दगड भरून दोन थर रचले, वर मुरूम. चौथ्या दिवशी टँकर पलीकडे गेला. ‘जड वाहनांस बंदी’ असा बोर्ड मीच रंगवला, रंगारी मिळाला नाही म्हणून. टँकर हे जड वाहन नाही का, असं कोणी विचारलं नाही.

आणि याच घाईत मी नोकरीतली माझी सगळ्यात महागडी चूक केली. भराव टाकण्याआधीचा फोटोच काढला नाही. बाकी ४० ठिकाणांचे काढले होते. मोजपट्टी धरून, मागे कामगार उभा करून, सगळं रीतसर. नेमकं जिथे सगळ्यात मोठं भगदाड होतं तिथे मोबाईलची बॅटरी संपली होती आणि चार्जिंगला वीज नव्हती. भरून झाल्यावर लक्षात आलं की आता इथे काही वाहून गेलं होतं याचा पुरावा फक्त माझं तोंड आहे.

पूरहानीचा पहिला अहवाल ४८ तासांत मागतात. छापील तक्ता असतो: रस्त्याचं नाव, साखळी क्रमांक (४/२०० सारखा), नुकसानीचा प्रकार, आणि शेवटी दोन रकाने. तात्पुरत्या दुरुस्तीचा खर्च, कायमस्वरूपी दुरुस्तीचा खर्च. सगळं महाभारत या दोन रकान्यांत आहे. तात्पुरतं म्हणजे वाहतूक सुरू होईल इतकंच. कायमस्वरूपी म्हणजे उरलेलं सगळं. नवखा अभियंता दोन्हीत प्रामाणिक आकडे भरतो. अनुभवी अभियंता आधी विचार करतो की कोणत्या रकान्यातला पैसा कुठल्या घरातून येतो.

वाडीवाल्यांना वाटतं सरकारचा एकच मोठा हंडा आहे. तसं नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो, त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के. तो पुरला नाही तर राष्ट्रीय निधीकडे मागणी जाते. राष्ट्रीय महामार्ग यात बसतच नाहीत, त्यांची पूरदुरुस्ती केंद्राच्या रस्ते मंत्रालयाच्या पैशातून वेगळी होते. आपत्तीचा पैसा येतो तो २२४५ या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खात्यातून, रस्त्यांच्या नेहमीच्या देखभालीचा ३०५४ मधून, आणि नवीन बांधायचं असेल तर ५०५४. बाहेरच्या माणसाला हे नुसते आकडे. आमच्याकडे माणसं या आकड्यांवर भांडतात, रुसतात आणि निवृत्त होतात.

आपत्ती निधीतून रस्त्याचं काय काय करता येतं याची यादी आहे, मी ती तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. भगदाडं आणि खड्डे भरणं. पाणी जायला पाईप टाकणं. भरावाला दगडी पिचिंग. फुटलेल्या मोऱ्यांची दुरुस्ती. पुलाचा भाग वाहून गेला असेल तर शेजारून वळणरस्ता. पुलाच्या पोहोचमार्गाची तात्पुरती दुरुस्ती. तुटलेले कठडे. पुन्हा वाचा: पूल वाहून गेला तर वळणरस्ता. पूल नाही. ही यादी वाईट नाही, उलट फार सरळ आहे. हा निधी माणसाला पलीकडे पोचवण्यासाठी आहे, पूल बांधण्यासाठी नाही. हे मला कोणी नोकरीच्या पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर माझे निम्मे प्रस्ताव परत आले नसते.

दरही ठरलेला होता. राज्याने साध्या आणि नियतकालिक दुरुस्तीचे दर अधिसूचित केलेले नसतील तर राज्य महामार्ग आणि प्रजिमाला किलोमीटरमागे १ लाख रुपये, ग्रामीण रस्त्याला ६० हजार. २०१५ चे निकष ते. एका रात्री मी गंमत म्हणून हिशेब केला. आमचा पोहोचमार्ग १२ मीटर, म्हणजे १,२०० रुपये. जेसीबीचा फार तर एक तास. असा हिशेब अर्थात कोणी करत नाही, आकडे जिल्हाभराच्या लांबीवर मांडतात. पण रात्री झोप येत नसली की माणूस काहीही मांडतो.

३ ऑगस्टला राज्य मंत्रिमंडळाने ११,५०० कोटींची मदत जाहीर केली. त्यातले ३ हजार कोटी पुनर्बांधणीसाठी आणि ७ हजार कोटी आपत्ती टाळण्याच्या दीर्घ मुदतीच्या कामांसाठी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतले चौघे ऑफिसात. “साहेब, आपला पूल त्याच्यात आला ना?” टीव्हीवरचा आकडा आणि ४/२०० चा पूल यांच्यामध्ये किती टेबलं असतात हे त्यांना कसं सांगायचं, मला समजेना. चहा दिला.

मग मी कायमस्वरूपी दुरुस्तीचं अंदाजपत्रक करायला बसलो. कललेलं अबटमेंट उतरवून पुन्हा बांधायचं, पोहोचमार्ग भरायचा, दोन्ही बाजूंना संरक्षक भिंत. करता करता एक प्रश्न डोक्यातून जाईना. पूल का पडला? पाऊस जास्त झाला म्हणून, हे उत्तर सोपं आहे. पण त्याच पऱ्यावर खाली दीड किलोमीटरवर दुसरा, रुंद पूल आहे, त्याचा कठडासुद्धा हलला नव्हता.

पऱ्याचं पाणलोट क्षेत्र नकाशावर मोजलं. ४ चौरस किलोमीटर. आमच्याकडे घाटाखालच्या पाण्यासाठी इंग्लिसचं सूत्र वापरतात. पाणलोटाला १२४ ने गुणायचं, आणि पाणलोटात १०.४ मिळवून येणाऱ्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचं. उत्तर आलं सेकंदाला साधारण १३१ घनमीटर. तीन गाळ्यांतून, अडीच मीटर उंचीतून, सेकंदाला तीन मीटर वेग धरला तर बाहेर पडणार ६८. उरलेलं पाणी कुठे जाणार? स्लॅबवरून आणि बाजूने. बाजूला होता तो मातीचा पोहोचमार्ग. म्हणजे पूल मोडला नव्हता. पाण्याने स्वतःसाठी हवी तेवढी वाट काढून घेतली होती.

सूत्रावर वरचं कार्यालय विश्वास ठेवत नाही, पूरपातळी दाखवावी लागते. काठावरच्या पहिल्या घरात एक आजी होत्या. मी मोजपट्टी घेऊन गेलो. त्यांनी तुळशीवृंदावनाकडे बोट केलं.

“दोन हजार पाचला पानी ह्या पायरीला लागलं. ह्या खेपेला दिवा ठेवतो त्या कोनाड्यात शिरलं. पणती घेऊन गेलं माझी.”

कोनाड्यात अजून वाळलेला गाळ होता. मी लेव्हल मशीन लावून त्याची पातळी घेतली. ती स्लॅबच्या वर १ मीटर १० सेंटिमीटर आली. माझ्या प्रस्तावात ‘स्थानिक चौकशीनुसार महत्तम पूरपातळी’ असं जे लिहिलंय ते म्हणजे हा कोनाडा.

प्रस्ताव बदलला. तीन बुटक्या गाळ्यांऐवजी १० मीटरचे दोन गाळे, स्लॅब सव्वा मीटर वर, खोल पाया. सोबत हिशेब, नकाशा, आजींच्या तुळशीचा फोटो. मला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

सात आठवड्यांनी फाईल परत आली. शेऱ्यात एकच ओळ: ‘पूरहानी दुरुस्तीअंतर्गत वाढीव काम प्रस्तावित करू नये. काम पूर्ववत करण्यापुरते मर्यादित ठेवावे.’

पूर्ववत. म्हणजे जसं होतं तसं. हा शब्द मी त्याआधी शेकडो वेळा स्वतः लिहिला होता. त्यामागचं तर्कशास्त्रही खोटं नाही. पुराच्या नावाखाली प्रत्येकाने आपापल्या गावचा रस्ता रुंद करून घेतला तर खरं नुकसान झालेल्याच्या वाट्याला काय उरणार? असं झालेलंही मी पाहिलंय. जिथे पाणी चढलंच नाही अशा रस्त्यांचं डांबरीकरण पूरहानीत गेलेलं. म्हणून नियम कडक. पण जो पूल अपुरा होता म्हणूनच गेला, तो पूर्ववत करायचा म्हणजे पुढच्या पुराला तारीख देऊन ठेवायची.

चिडून मी कपाटातली जुनी नोंदवही काढली. पुलांच्या तपासणीची, कोपऱ्याला वाळवी लागलेली. ४/२०० च्या पानावर २००५ च्या पावसाळ्यानंतरची नोंद होती: ‘पलीकडील बाजूचा पोहोचमार्ग वाहून गेला. भराव टाकून पूर्ववत केला.’ माझ्या जागी सोळा वर्षांपूर्वी बसलेल्या कोणाची तरी सही. तीच बाजू.

या काळात वाडीवाले मला एकच ऐकवायचे. “सावित्रीचा पूल किती दिवसांत झाला, साहेब?” महाडजवळचा तो पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला सुरू झाला. ते खरंच आहे आणि आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही त्याचं कौतुकच आहे. पण तो राष्ट्रीय महामार्ग, पैसा केंद्राचा, लक्ष अख्ख्या देशाचं. तिथे पूर्ववत करा असं कोणी लिहिणार नव्हतं. आमच्या पुलावर कोणी मेलं नव्हतं. हे वाक्य मी एकदा बोलून गेलो आणि समोरचा म्हातारा म्हणाला, “मग आता कोण मरायची वाट बघायची का?” त्यानंतर मी सावित्रीबद्दल बोलणं सोडलं.

मार्ग सुचवला आमच्या उपअभियंता साहेबांनी. निवृत्तीला आठ महिने राहिलेला माणूस, आवाज कधी चढवला नाही. म्हणाले, “अरे, एकाच फाईलवर दोन घोडे कशाला बसवतोस? फोड कर.” म्हणजे पूरहानीत फक्त अबटमेंटचा आधार आणि पोहोचमार्ग, तोही कमीत कमी, लोकांना वापरता येईल इतका. आणि नवीन पूल पूर्ण वेगळा प्रस्ताव म्हणून, ५०५४ खाली, अर्थसंकल्पात समावेशासाठी. त्या प्रस्तावात ‘पूर’ हा शब्द शक्यतो आणायचाच नाही. ‘अपुरा जलमार्ग, वारंवार वाहतूक खंडित’ असं लिहायचं. घटना तीच, पूल तोच. शब्द बदलले की फाईलचं घर बदलतं. मला हे वीस वर्षांच्या नोकरीत सुचलं नव्हतं याची लाज वाटली, आणि असं सुचावं लागतं याचीही थोडी.

पुढचं पटकन सांगतो, कारण त्यात वाट पाहण्याशिवाय काही घडलं नाही. आमदारांचं पत्र मिळालं. पहिल्या खेपेला यादीत नाव आलं नाही. पुढच्या वर्षी पुरवणी मागण्यांत आलं. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा. पहिल्या निविदेला एकच ठेकेदार आला म्हणून ती पुन्हा काढली. कार्यारंभ आदेश हातात पडला तेव्हा पुराला अडीच वर्षं होऊन गेली होती. दरम्यानच्या दोन्ही पावसाळ्यांत तो डबराचा भराव खचला. एकदा अर्धा, एकदा जवळपास पूर्ण. दोन्ही वेळा ३०५४ मधून चिमूटभर पैसे काढून भरला. शेवटी दिवाळीनंतर पाणी कमी झाल्यावर शेजारून सिमेंटच्या ह्यूम पाईपचा वळणरस्ता केला आणि जुना पूल पाडायला घेतला. दगड सुटता सुटेनात. ज्यांनी बांधला होता त्यांचं काम पक्कं होतं, फक्त अंदाज चुकला होता. किंवा तेव्हा डोंगरावर झाडं होती म्हणून पाणी हळू उतरत असेल आणि अंदाज तेव्हापुरता बरोबरही असेल.

लेखापरीक्षण मात्र रंगलं. तातडीच्या कामांच्या देयकांवर आठ आक्षेप आले. त्यातला माझा आवडता: ‘एकाच दिवशीच्या तीन ठिकाणच्या छायाचित्रांत एकच जेसीबी दिसून येते, खुलासा करावा.’ खुलासा केला, की तालुक्याच्या त्या भागात चालू स्थितीतली जेसीबी एकच होती आणि ती एका ठिकाणचं संपवून दुसरीकडे जात होती. मशीनच्या तासमीटरचे फोटो जोडले. ते काढायची अक्कल जेसीबीवाल्याला होती, मला नव्हती. सकाळी सुरू करताना एक, रात्री बंद करताना एक. तो आक्षेप वगळला गेला.

पुलाच्या भगदाडाचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. फोटो नाही म्हणजे भगदाड नाही. शेवटी वाडीतल्या एका कॉलेजच्या पोराने वाचवलं. सुपारीच्या खोडांवरून शेळी पलीकडे नेतानाचा व्हिडिओ त्याने गंमत म्हणून काढला होता, तारीख-वेळेसकट. शेळीच्या मागे आमचं १२ मीटरचं भगदाड स्वच्छ दिसत होतं. त्यातली चार चित्रं छापून मोजमाप पुस्तिकेच्या नोंदीला पुरावा म्हणून लावली. शेळीसह मंजूर झाली.

पण पहिल्या दीड दिवसाच्या कामाला काहीच आधार निघाला नाही. तेव्हा वीज नव्हती, जेसीबीवाल्याचाही मोबाईल बंद होता. मशीन दिवसा आणि रात्रीही दिव्यावर चालली, एकूण २३ तास. मी साक्षीदार, मैलकामगार साक्षीदार, अख्खी वाडी साक्षीदार. प्रमाणपत्रावर मी तास लिहिले, सही केली. ‘कलम ५० अन्वये आदेशापूर्वीचे काम’ म्हणून ते तास कापले गेले. बाकीचं देयक चौदा महिन्यांनी निघालं.

जेसीबीवाल्याने माझ्याकडे कधी तगादा लावला नाही. पहिल्या वर्षी भेटला की विचारायचा, “साहेब, ते तेवीस तास?” नंतर नुसतं हसायला लागला. नवीन पुलावर स्लॅब पडली त्या दिवशी तोही बघायला आला होता, काम दुसऱ्या ठेकेदाराचं असून. मी निवृत्त झालो. परवा जुन्या ऑफिसात गेलो तर भिंतीवर यंदाच्या पावसाळ्याची आपत्कालीन संपर्क यादी लावलेली होती. यंत्रसामग्रीच्या रकान्यात पहिलं नाव त्याचंच होतं.